पडद्यामागची प्रदक्षिणा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या बाई, कारण मी जे करून आलेय ना, त्यापायी माझ्या पोरीने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं!

पोरगी म्हणजे पूर्वा. इथे आखातात, सिलिकॉन ओएसिसमध्ये नोकरीला. तिथलाच एक मल्याळी मुलगा तिने पसंत केला. ख्रिश्चन, ऑर्थोडॉक्स. मी म्हटलं, असू दे, पोरगा सरळ आहे. पण त्याच्या आईवडिलांचा होकार बाकी होता. म्हणाले, आधी आमचं कॅथेड्रल बघायला या. म्हणजे त्यांना मलाच बघायचं होतं, कळत नाही का मला?

"आई, प्लीज बिहेव!" पूर्वाने कॅथेड्रलच्या दारातच दटावलं.

"का गं? मी कधी देवळात गेले नाही?"

चपला बाहेर, डोक्यावर पदर. अगदी आपल्यासारखंच! मग मुलाचे वडील, थॉमसभाई, सुरू झाले. येशूचा शिष्य केरळात कसा आला, या जागेवर आधी लहानसं चर्च होतं, मग लोकांनी हे एवढं कसं उभारलं. छत बघा, उलट्या जहाजासारखं. घुमट बघा. वेदी पूर्वेलाच का... अहो, पाऊण तास! पहाटेपासून डब्यांच्या पोळ्या लाटणारी बाई मी, एका जागी उभी राहणार? पायांना नुसत्या मुंग्या.

समोर मोठा लाल मखमली पडदा. मुलाच्या आईला, सारम्माला, मी हळूच विचारलं, "इसके पीछे भगवान?"

"हां, चेची." मोठ्या बहिणीला म्हणतात तसं ती मला चेची म्हणायची.

झालं! देव तिथे, आणि प्रदक्षिणा न घालता परतायचं? म्हणतील, काही वळण नाही या लोकांना. पडद्याच्या डाव्या कडेला फट होती. शिरले! पायाखाली गालिचा, नाकात लोबान. कपाळ कशावर तरी आपटलं, काहीतरी खणकन पडलं. मी थांबते होय? अर्धी प्रदक्षिणा सोडतात का कधी? उजव्या कडेने बाहेर आले, तर समोर फादर!

"अय्यो!"

थॉमसभाईंचा घुमट तोंडातच राहिला. पूर्वा पांढरीफटक.

"क्या हुआ? अभी तो एकही चक्कर मारा," मी म्हटलं.

"भाभीजी, अंदर औरतें नहीं जातीं! मेरी बीवी भी नहीं!" थॉमसभाई ओरडले.

खलास! लग्न मोडलं म्हणायचं. मी सरळ फादरपुढे उभी राहिले. "गलती मेरी, लडकी की नहीं. उसको मत नापास करो. मैं भगवान को नमस्ते करने गयी थी, चोरी करने नहीं!"

फादर दाढीतल्या दाढीत हसले. थॉमसभाई मात्र रुमालाने मान पुसत राहिले.

तेवढ्यात सारम्माने माझं मनगट धरलं आणि मला खांबामागे ओढलं. आता ही नकार देणार!

"इनकी हां मैं करवा दूंगी," ती कानात कुजबुजली. "लेकिन चेची, बोलो ना, अंदर कैसा है? तीस साल से आती हूं, कभी नहीं देखा!"

काय सांगणार कप्पाळ? हात जोडून, डोळे गच्च मिटून फिरले होते ना मी!