पाचवी ओळ, सहावी खाट

बी-युननं नर्सिंगच्या शाळेत नाव घातलं तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती, आणि मी तिला वेडी म्हणाले होते. तोंडावर म्हणाले. पाठीमागे बोलायची मला सवय नाही. समोर बोललं की माणूस निदान उत्तर तरी देतो. तिनं फॉर्म माझ्या पुढ्यात सरकवून विचारलं, "रुईताई, पूर्वीचा व्यवसाय म्हणून काय लिहू?"

"लिही, म्हाताऱ्यांच्या पाठी थापटणे," मी म्हटलं.

आणि तिनं तसंच लिहिलं.

खोटं काही नव्हतं त्यात. आम्ही दोघी दोंगगांगच्या बंदरामागच्या इस्पितळात रोग्यापाशी बसणाऱ्या बाया. घरच्यांना दिवसभर थांबता येत नाही, म्हणून एजन्सी आम्हाला पाठवते. अंग पुसायचं, कूस बदलायची, माशाची पेज भरवायची, आणि जेवणाआधी तळहात पोकळ करून पाठ थापटायची, म्हणजे छातीतला कफ सुटतो. सोळा वर्षं आम्ही शेजारशेजारच्या खाटांवर हेच केलं. नवी आली तेव्हा तिला सगळं मीच शिकवलं. हात कसा धरायचा ते शिकवलं, आणि नर्सांसमोर मान खाली घालून हो म्हणायचं, हेही शिकवलं.

तिला शाळेचं खूळ लागलं त्याला कारण झालं. एका दुपारी तिच्या रोग्याचा, मासळी विकणाऱ्या एका बाईचा, चेहरा बदलला. बी-युन धावत नर्सकडे गेली. नर्सनं विचारलं, काय होतंय? ही म्हणाली, काहीतरी बिनसलंय. काहीतरी म्हणजे काय? ते काही हिला सांगता येईना. नर्स हातातलं काम उरकून आली तोवर बाई गेली होती. दोष नर्सचा नव्हता आणि बी-युनचाही नव्हता, सगळ्यांनी तिला तसं समजावलंही. तिनं ऐकून घेतलं, आणि पुढच्या महिन्यात तो फॉर्म आणला.

चौथ्या वर्षी शाळेनं तिला शिकाऊ म्हणून पाठवलं ते नेमकं आमच्याच हृदयाच्या वॉर्डात. पांढरा पोशाख, केस जाळीत बांधलेले, खिशात चार रंगांचं पेन. जुने रोगी तिला ओळखायचे. "अगं, जरा भांडं दे," म्हणायचे, आणि ती द्यायची. ते पाहून कुओ बाईंच्या कपाळाला आठ्या पडायच्या. कुओ बाई म्हणजे शाळेच्या शिक्षिका, बी-युनहून चार वर्षांनी लहान, बुटांचा आवाज न करता मागे येऊन उभ्या राहणाऱ्या. मला त्या पहिल्या दिवशीच आवडल्या नाहीत. आजही फारशा आवडत नाहीत.

भांडं देणं, सुई टोचणं, सलाईन लावणं यात बी-युनचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिचं घोडं अडलं ते हृदयाच्या आलेखाशी. गुलाबी चौकड्यांच्या कागदावर ती वाकडीतिकडी रेघ. तीस मोठ्या चौकटी म्हणजे सहा सेकंद. त्यातली उभी टोकं मोजायची आणि दहानं गुणायचं. मग टोकांमधली अंतरं सारखी आहेत का ते बघायचं, प्रत्येक टोकाआधी छोटी टेकडी आहे का, टोक बारीक आहे की रुंद. एवढं सगळं झालं की मगच लयीचं नाव घ्यायचं. बी-युन उलटं करायची. आलेखाच्या कागदाची पट्टी हातात आली की आधी नावच सांगून मोकळी. आणि नाव सांगताना नजर कुठे, तर खाटेवरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे.

"चेहऱ्यावर लिहिलेलं नाही," कुओ बाई म्हणायच्या. "दिसतं ते सांगा. नाव शेवटी."

पालथ्या घड्यावर पाणी. पहिल्या परीक्षेत तिला शंभरात अठ्ठेचाळीस मिळाले, दुसरीत पंचावन्न. पास व्हायला साठ लागतात. तिसरी परीक्षा शेवटची. त्यात नापास झालं तर नाव शाळेतून कायमचं कमी होतं. त्रेचाळीस वर्षांच्या बाईला दुसरी शाळा कोण घेतं? चार वर्षं पाण्यात, आणि परत माझ्या शेजारी येऊन पाठी थापटायच्या.

त्यातच तिनं सगळ्या वॉर्डात हसं करून घेतलं. टेबलावरच्या यंत्राच्या पडद्यावर सगळ्या खाटांच्या रेघा ओळीनं चालतात; त्यातल्या एका ओळीत तिनं मोठमोठ्या लाटा पाहिल्या आणि धोक्याचं बटण दाबलं. तीन डॉक्टर, यंत्राची गाडी, सगळे धावत आले. खाटेवरचा माणूस वाकून बसलेला, आणि मागे मी, त्याची पाठ थापटतेय. थापटलं की छातीवरच्या तारा हलतात आणि रेघ वेडीवाकडी नाचते. ज्या लयीत माणूस दोन-चार मिनिटांत संपतो, ती आणि ही वरवर सारखीच दिसतात. डॉक्टर हसले. मीही हसले, आणि पुढे आठवडाभर हसत होते. "सोळा वर्षं तूही थापटत होतीस की," मी तिला म्हणायची, "किती माणसं मारलीस गं पडद्यावर?"

कुओ बाई हसल्या नाहीत. त्यांनी बी-युनला एक अख्खा दिवस पडद्यासमोर बसवलं. मी थापटायचं, तिनं ती पट्टी छापून घ्यायची, आणि त्या गोंधळात खरे ठोके पेन्सिलीनं शोधायचे. कारण थापटण्यानं रेघ कितीही नाचली तरी हृदय आपलं चालूच असतं. बारीक टोकं आपल्या अंतरानं, आपल्या चालीनं त्या लाटांमधून पुढे जात राहतात. ती सापडली तर समजायचं, हात थापटतोय. नाही सापडली तर माणूस मरतोय. संध्याकाळपर्यंत तिनं चाळीस पट्ट्यांवर खुणा केल्या. माझा हात दुखला, तो वेगळाच.

आता खाटांचं सांगते. आमच्या वॉर्डात खाटा आठ: एक, दोन, तीन, पाच, सहा, सात, आठ, नऊ. आमच्या बोलीत 'चार' आणि 'मरण' कानाला सारखेच लागतात, म्हणून चार नंबरची खाट कोणी ठेवत नाही. इस्पितळात मरायला कोण येतं? लिफ्टमध्येसुद्धा तीननंतर पाचवा मजला. आमच्या जुन्या पडद्यावरही ओळी तशाच होत्या. तो बिघडला म्हणून दुरुस्तीला गेला आणि बदली आला तो परदेशी. त्याला आमच्या चारचं काय सोयरसुतक? त्यावर ओळी सरळ एक ते आठ. म्हणजे चौथी ओळ पाचव्या खाटेची आणि पाचवी ओळ सहाव्या खाटेची. तीननंतर एक मिळवायचा, हे सगळ्यांनी एकमेकांना बजावलं. ओळींवर चिठ्ठ्या चिकटवायचंही ठरलं. चिठ्ठ्या आज लावू, उद्या लावू असं करत चार दिवस गेले.

त्या दिवशी सकाळचे अकरा वाजत आले होते. पाच नंबरला माझे रोगी, निवृत्त झालेले त्साई मास्तर. त्यांची मुलगी अननसाचे केक घेऊन आली होती, आणि अननसाचं नाव आमच्या बोलीत 'भरभराट येवो' असं ऐकू येतं, त्यानं वॉर्डात रोग्यांचा लोंढा येतो म्हणून ड्युटीवरच्या नर्सनं तिला डब्यासकट बाहेर काढलं होतं. मास्तर तोंड पाडून बसलेले, मी त्यांची पाठ थापटत होते. सहा नंबरला, खाटेभोवतीच्या कापडी पडद्याआड, होंग आजोबा. उभं आयुष्य ट्यूनाच्या बोटीवर गेलेलं, चार दिवसांपूर्वी हृदयाचा झटका आलेला. त्यांची सून पेज आणायला खाली गेली होती. नर्स एक नंबरला सलाईनशी झटत होती. टेबलापाशी पडद्यासमोर बी-युन एकटी.

ती उठली ते मी पाहिलं. तिची नजर पडद्यावरून सरळ माझ्या खाटेवर आली. पाचव्या ओळीत मोठ्या लाटा, आणि इथे पाच नंबरवर मी थापटतेय. चौथी ओळही नाचत होती, पण जन्मात चार नंबरची खाट न पाहिलेल्या माणसाला चौथी ओळ कोणाची, असा प्रश्नच पडत नाही.

ती दोन पावलं आली, आणि मी तिथूनच म्हणाले, "माझा हात आहे गं. बस खाली. परत हसं करून घेऊ नकोस."

ती थांबली. पडद्याकडे वळली, परत माझ्याकडे पाहिलं. मी थापटत राहिले. मास्तर म्हणाले, अहो, ती काहीतरी म्हणतेय. मी म्हटलं, तिला सवयच आहे. बी-युन तिथेच उभी, ओठ हलताहेत. ती मोजत होती हे मला तेव्हा कळलं नाही.

मग ती म्हणाली, "ताई, हात वर कर."

"अगं, अजून अर्धं व्हायचंय माझं."

"हात वर कर."

इतक्या वर्षांत ती माझ्याशी त्या आवाजात बोलली नव्हती. मी दोन्ही हात वर केले, चोर पकडल्यावर करतो तसे. पडद्यावरची एक ओळ लगेच शांत झाली. ती चौथी. पाचवी तशीच चालू होती.

बी-युननं मास्तरांकडे पाहिलं. ते चांगले धडधाकट, तोंड पाडून बसलेले. मग ती माझ्या बाजूनं गेली आणि सहा नंबरचा कापडी पडदा बाजूला ओढला. होंग आजोबांची मान एका बाजूला पडली होती, डोळे अर्धे उघडे. तिनं हाक मारली, मानेला बोटं लावली, बटण दाबलं, खाट सपाट केली आणि छाती दाबायला लागली. मोठ्यानं मोजत होती. नर्स यंत्र घेऊन आली, पाठोपाठ डॉक्टर. यंत्रानं दिलेल्या विजेच्या पहिल्याच झटक्याला ओळ सरळ झाली आणि त्यात बारीक टोकं चालायला लागली. माझे हात मी अजून खाली घेतले नव्हते. मास्तरांनीच घ्यायला लावले.

होंग आजोबा वाचले. दोन बरगड्या मोडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी शुद्ध पुरती आल्यावर विचारायला लागले, माझ्या छातीवर कोण बसलं होतं? सुनेनं बी-युनकडे बोट केलं. आजोबा म्हणाले, "पोरी, बोटीवर असतीस तर जाळं एकटीनं ओढलं असतंस." आणि दुखतंय म्हणून दिवसभर तिलाच शिव्या घातल्या.

चिठ्ठ्या आजोबा वाचले त्याच संध्याकाळी लागल्या.

तिसरी परीक्षा कुओ बाईंनी दुसऱ्या दिवशी वॉर्डातच घेतली, चादरींच्या कपाटाशेजारच्या टेबलावर. मी कपाटापाशी टॉवेलांच्या घड्या घालत होते. पन्नास गुण पट्ट्या वाचायचे आणि पन्नास, वाचून काय केलं त्याचे. पट्ट्यांमध्ये शेवटची होंग आजोबांची. बी-युननं ती समोर ठेवली आणि कोणाच्याही चेहऱ्याकडे न बघता वाचली: मिनिटाला एकशे नव्वद, टोकं रुंद, अंतरं सारखी, आधी टेकडी नाही, मध्ये कुठे बारीक टोकं चालत नाहीत. नाव शेवटी घेतलं. मला तिचा अभिमान वाटला, आणि हेवाही वाटला. दोन्ही एकदम वाटतात.

मग कुओ बाईंनी पडद्यातून काढलेली वेळ पुढे ठेवली. लाट सुरू झाल्यापासून बटण दाबेपर्यंत एक मिनिट आणि दहा सेकंद. त्यातले पन्नास सेकंद ती पाच नंबरसमोर उभी होती.

"ओळ चुकलात, ते मी समजू शकते," कुओ बाई म्हणाल्या. "चार दिवस चिठ्ठ्या लावल्या नाहीत, ती चूक एकट्या तुमची नाही. पण बारीक टोकं नाहीत हे तुम्हाला दिसत होतं. मग पन्नास सेकंद कशात गेले? थापटणं आहे असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

माझ्या हातात टॉवेल होता. त्याची घडी मी घातली, मोडली, परत घातली.

"कोणी नाही," बी-युन म्हणाली. "मला तसं वाटलं."

"कोणी सांगितलं असेल तर अहवालात यायला हवं. तुमचे गुण त्यावर ठरणार आहेत."

"कोणी नाही, बाई."

कुओ बाईंनी एकदा कपाटाकडे पाहिलं. मी मान खाली घातली. अहवालात नाव आलं की एजन्सी दुसऱ्या दिवशी कामावरून काढते, आणि मला तेव्हा चोपन्नावं लागलं होतं. त्यांनी बी-युनचा कागद ओढला, दुसऱ्या भागात पन्नासपैकी पंधरा लिहिले, आणि पहिल्या भागाची बेरीज करायला लागल्या. 

पहिल्या भागात तिला सेहेचाळीस मिळाले. एकूण एकसष्ट.

आता ती याच वॉर्डात नर्स आहे. चार लोकांत मी तिला नर्सबाई म्हणते, आणि तिनं हात वर कर म्हटलं की मी करते, का ते विचारत नाही. परीक्षेच्या दिवशी दुपारी जिन्यात मी तिला म्हटलं होतं की माझं नाव घ्यायला हवं होतंस. तिनं खिशातून पेरू काढून अर्धा मला दिला आणि म्हणाली, पास झाले ना, सोड आता. पण माझ्या डोक्यातून जात नाही. दोन गुण कमी पडले असते तर ती गेली असती, आणि मी कपाटापाशी तशीच उभी राहिले असते की तोंड उघडलं असतं, हे मला आजही माहीत नाही.