नावुडीचं मीठ वाइसारीला गेलं

उनाइसीला मी पहिल्यांदा पाहिलं ते तिच्या आईच्या उशाशी. नावुडीच्या माझ्या दवाखान्यात आई अर्धांगवायूनं पडलेली, आणि ही शाळकरी पोर मला विचारत होती, "सिस्टर, आमच्याच बायका इतक्या अशा का पडतात?" मला काय ठाऊक! मी उसाच्या मळ्यातल्या हिंदुस्थानी घरची, बदलीवर या बेटावर आलेली नर्स. मी म्हटलं, "देवाला विचार." तिनं माझ्याकडं असं पाहिलं की तसं उत्तर मी पुन्हा कुणाला दिलं नाही.

आमचा रक्तदाब मोजायला तोवर बाहेरच्या देशांतून कितीतरी जण येऊन गेले होते. माणसं चांगली, आमच्यात मांडी घालून यांगोना, म्हणजे मुळी कुटून केलेलं पेय, प्यायची, फोटो काढायची आणि जायची. उत्तर तेवढं कधी परत आलं नाही. उनाइसी मात्र राजधानीत, सुवाला शिकली, परदेशातली नोकरी नाकारून परतली आणि आमच्यासारख्या नर्सा, मास्तर, औषधवाले गोळा करून शिकवायला बसली. प्रश्न कसा धरायचा, उपाय खरंच लागू पडला की नाही ते कसं ताडायचं. या वयात मला गृहपाठ! ती म्हणायची, "प्रश्न आपला, मोजणारे आपले. चूक झाली तर तीही आपलीच होऊ दे."

संपूर्ण आपला असा देशातला पहिला अभ्यास मिठाचा. नावुडीनं रक्तदाब उतरवणारं, सोडियम कमी नि पोटॅशियम जास्त असलेलं नवं मीठ खायचं, खाडीपलीकडच्या वाइसारीनं वर्षभर नेहमीचंच, मग दोन्ही गावं मोजायची. जमलं तर असे अभ्यास यापुढं आमच्याच हाती. फिसकटलं तर पुन्हा बाहेरची माणसं. कुणाला काय ते चिठ्ठ्या टाकून ठरलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. नावुडी आणि वाइसारी ताउवू आहेत हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

ताउवू म्हणजे एकाच मूळ देवाची गावं. एकमेकांना वाट्टेल ते बोलायचं, वाट्टेल ते उचलून न्यायचं, आणि ज्याचं नेलं त्यानं हसायचं. नाही म्हणायची सोय नाही. हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. आम्ही नकाशा पसरून बसलो आणि घरचंच विसरलो.

लग्नाच्या निमित्तानं वाइसारीची मंडळी होडीनं आली. म्होरकी वासेमादा, आवाज असा की नारळ पडावेत.

"काय गं उंदरांनो, मीठ लपवून खाता होय? आमचा वाटा कुठाय?"

"ने की, खादाडे! होडी बुडाली तर तुला खारवायला उपयोगी पडेल."

आमच्या बायका पोट धरधरून हसल्या आणि त्यांनी स्वतःच मिठाची पिपं होडीत चढवली.

काही आठवड्यांनी उनाइसी आली, रिकामी कोठी पाहून मटकन बसली. गावप्रमुख, आमचे तुरांगा, म्हणाले, "पोरी, आम्ही कुठं बोलणार नाही."

"तुम्ही नाही बोलणार, तुरांगा. त्यांचं रक्त बोलेल." आणि एकदम उठली. "सिस्टर, होडी काढायला सांगा. तिकडं कुणाची मूत्रपिंडं तपासलेली नाहीत. ती अधू असतील तर हे मीठ जीव घेईल."

जन्माचं काम बुडालेलं, आणि ही दुसऱ्यांच्या जिवासाठी धावत होती. मला त्या क्षणी तिच्या पाया पडावंसं वाटलं.

आम्ही घरोघर फिरलो. वासेमादाच्याच नवऱ्याचे पाय सुजलेले निघाले. त्याचं मीठ तोडून त्याला मोठ्या इस्पितळात धाडलं, म्हणून वाचला. बाकीच्यांचा रक्तदाब घेता घेता मात्र माझा हात थबकला. तो सुरुवातीच्या नोंदीपेक्षा उतरलेला होता. ज्या गावाला सरकारनं चिमूटही दिली नव्हती, तिथल्या प्रत्येक चुलीपर्यंत ते मीठ हसत, शिव्या खात पोचलं होतं. माझ्या उभ्या नोकरीत एकही सरकारी सूचना असं घर गाठताना मी पाहिली नव्हती.

सुवाच्या बैठकीत उनाइसीनं काही झाकलं नाही. "चूक माझी. मी ज्यांना दोन गावं समजले ती दोन नव्हतीच. आता चिठ्ठ्या ताउवूंच्या जोडीजोडीनं टाकू. मीठ नात्यानं जातं, तर नातंच धरून मोजू."

अधिकारी म्हणाले, "मीठ लागू पडतं अशी बेटभर बोंब झाली आहे. आता थांबायला कोण तयार होईल? एक तरी जोडी वर्षभर जुन्याच मिठावर थांबवून दाखवा, नाहीतर बाहेरून माणसं बोलावतो."

दक्षिणेकडच्या, एकमेकांच्या ताउवू असलेल्या दोन गावांसमोर आम्ही रीतीप्रमाणं मागणं म्हणून यांगोनाची मुळी ठेवून बसलो. मुळी पुढं सरकवली ती आमच्याबरोबर आलेल्या वासेमादानं, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

"पिपं मी पळवली," ती म्हणाली. "त्यापायी नवरा गमावणार होते, आणि हिचं कामही बुडवलं. तुम्ही वर्षभर आमच्या दारात मिठाला येऊ नका. आलात तर दारी आलेल्याला मला नाही म्हणता येणार नाही."

एक म्हातारी उनाइसीला म्हणाली, "थांबलो आणि आमच्यातलं कुणी पडलं तर?"

उनाइसी तिच्याजवळ सरकली. "सिस्टर दर महिन्याला येतील. ज्याचा रक्तदाब चढेल त्याला त्याच दिवशी औषध. तरी कुणी पडणारच नाही असं मी म्हणत नाही, आजी. माझी आई का पडली ते मला अजून नक्की माहीत नाही. तुम्ही थांबलात तर आपल्याला कळेल."

मग म्हातारीनं यांगोनाची वाटी घेतली, रिकामी केली, आणि दोन्ही गावांनी हाताचे द्रोण करून होकाराच्या संथ, जड टाळ्या दिल्या. चिठ्ठीच्या दिवशी टाळ्या आम्ही वाजवल्या होत्या. या त्यांनी वाजवल्या.