बांकडाबेनची नऊ बाकडी

बांकडाबेन स्वतः कधी बाकड्यावर बसल्या नाहीत. पाच वर्षं त्या नगरसेविका होत्या. त्या काळात बडोद्यातल्या मांजलपूरच्या आमच्या भागात त्यांनी सिमेंटची जी बाकडी बसवली, त्यांवर अख्खा वॉर्ड टेकला. पेन्शनर बसले, कॉलेजची जोडपी बसली, गाईंनीही पाठ खाजवून घेतली. बाई मात्र गुडघे दुखत असले तरी शेजारी उभ्या राहूनच बोलायच्या. मी त्यांचा शेजारी. एकदा म्हटलं, "वहिनी, बसा की. तुमचंच आहे." त्या म्हणाल्या, "लोकांनी मागितली होती पाणी जायला वाट. मी दिलं बाकडं. आता त्यावर कोणत्या तोंडानं बसू?"

गुजरातीत बाकड्याला बांकडो म्हणतात. शेजारच्या सोसायटीतल्या कोणी तरी थट्टेनं ठेवलेलं 'बांकडाबेन' हे नाव त्यांनी निमूटपणे स्वीकारलं. म्हणायच्या, "बरोबरच आहे. जे आपल्या हातात आहे, त्याचंच नाव पडतं."

राजकारणात त्या आल्या त्या वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला म्हणून. पक्षाला खरं तर त्यांचे यजमान नाना हवे होते. नाना मकरपुऱ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, मितभाषी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. म्हणजे पक्षाच्या दृष्टीनं आदर्श उमेदवार. मग नानांना शोभेल अशी पत्नी शोधली गेली आणि ती त्यांच्या घरातच सापडली. प्रचाराच्या पत्रकावर नानांचा फोटो बाईंच्या फोटोपेक्षा मोठा होता. निवडून आल्यावरही माणसं दारात येऊन विचारत, "साहेब छे?" बाई सांगायच्या, "साहेब गवार मोडताहेत. काम असेल तर मी आहे." नाना आत खरोखरच गवार मोडत असत.

त्यांची दुसरी सवय म्हणजे वाचण्याची. निवडून आल्याबरोबर इतरांनी शाली घेतल्या, यांनी कायद्याचं पुस्तक घेतलं. घटनेला जोडलेल्या एका परिशिष्टात शहरांकडे सोपवण्याच्या अठरा कामांची यादी आहे. ती त्यांनी शाळेच्या वहीत उतरवून काढली आणि ठरवलं, जे काम खरंच आपल्या हातात आलं असेल त्याच्यापुढे खूण करायची. दोन वर्षांनी वही मला दाखवली. खुणा दोनच होत्या. "स्मशान आणि मोकाट गुरं," त्या म्हणाल्या. "मेलेली माणसं आमची आणि चालती जनावरं आमची. मधली जिवंत माणसं सगळी वर."

हे 'वर' त्यांनी फार ऐकलं. आमच्या सोसायटीच्या मागून एक कांस जाते. बडोद्याबाहेर हा शब्द कोणाला कळत नाही. पावसाचं पाणी विश्वामित्रीकडे नेणारा उघडा नाला, ती कांस. उन्हाळ्यात तिच्यात कचरा आणि डास. पण पावसाळ्यात ती आहे म्हणूनच तळमजल्यावरचे आम्ही लोक तळमजल्यावर राहू शकतो. तिच्यावर स्लॅब टाकून रस्ता आणि गाड्यांसाठी जागा करायची, असा बेत कुठे तरी ठरला. कुठे, ते शेवटपर्यंत कळलं नाही. बाईंनी अर्जामागून अर्ज केले. वॉर्डाचे इंजिनिअर भले गृहस्थ होते. प्रत्येक वेळी हात जोडून म्हणत, "बेन, मारा हाथमां कंई नथी. उपरथी आवशे तो करीशुं." वरून आलं तर करू. शेवटी बाईंनी विचारलं, "साहेब, हे 'उपर' किती मजल्यांचं आहे? लिफ्ट आहे का, की प्रत्येकाला जिन्यातच गाठायचं?"

त्याच सुमारास शहरात एक परिसंवाद झाला. विषय: सत्तेचं विकेंद्रीकरण, एक यशोगाथा. विषयातच निकाल लागलेला असल्यामुळे चर्चेला काही राहिलं नव्हतं. बाईंना दीप उजळायला आणि तीन मिनिटं बोलायला बोलावलं होतं. मुख्य वक्ते पाऊण तास सांगत होते की आता राज्यांना ऊठसूट दिल्लीकडे बघावं लागत नाही. बाई उठल्या. म्हणाल्या, "हे खरं आहे आणि ते चांगलंच झालं. पण सासूनं थोरल्या सुनेच्या हाती किल्ल्या दिल्या, आणि थोरलीनं त्या कमरेला खोचून ठेवल्या. धाकटीला आजही मिठाच्या बरणीसाठी विचारावं लागतं. घरात विकेंद्रीकरण झालं, असं फक्त थोरली म्हणते." सभागृह हसलं. वक्त्यांनीही हसून टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे एखादी गोष्ट मारून टाकायची तर तिच्यावर टाळ्या वाजवतात.

मग एके सकाळी टेम्पोतून बाकडी आली. नऊ. कांसेच्या काठानं, अगदी कडेला, एकाला एक लागून त्यांनी ती रोवून घेतली, अशी की मातीचा डंपर आत वळूच शकणार नाही. बाकड्यांची तोंडं नाल्याकडे होती. लोक पोट धरून हसले. एक काका म्हणाले, "बेन, इकडे तोंड करून कोण बसणार? वास येतो!"

"बसायला कोण सांगतंय, काका? बाकडी तिथे असली म्हणजे झालं."

बाकड्याच्या पाठीवर नगरसेवकाचं नाव रंगवायची रीत आहे. नावाच्या जागी बाईंनी नऊही बाकड्यांवर तीनच शब्द लिहून घेतले: आ कांस छे. ही कांस आहे. इंजिनिअर म्हणाले, "बेन, नाव?" बाई म्हणाल्या, "नाव तिचंच लिहिलंय."

मला त्या दिवशी तो विनोद वाटला होता. आज वाटत नाही. अठरा कामांचं वचन मिळालेल्या बाईच्या हातात, स्मशान आणि गुरं सोडली तर, खरोखर एकच अधिकार होता, आपल्या निधीतून बाकडं बसवण्याचा. आणि त्या एका अधिकाराची त्यांनी भिंत बांधली. ती भिंत दोन पावसाळे टिकली.

पुढच्या निवडणुकीत तिकीट मिळालं नाही. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: वरून. महिन्याभरात बाकडी उखडली. सुशोभीकरण असं त्या कामाचं नाव होतं. कांसेवर स्लॅब पडला, त्यावर गाड्या उभ्या राहिल्या, फीत कापली गेली. बाई गच्चीतून बघत होत्या. त्या दिवशी त्यांनी वही फाडून टाकली असेल, असं मला वाटलं होतं. नाही. त्यांनी ती कपाटात नीट ठेवली होती.

मग ते पाणी आलं. विश्वामित्री फुगली, हे दरवर्षीचंच. पण या वेळी आमचं पाणी बाहेर जायला वाटच नव्हती. स्लॅबखालचं तोंड गाळानं बुजलेलं. सकाळी घोट्याला असलेलं पाणी दुपारी कमरेला लागलं. लोक जुन्या सवयीनं बाईंच्या दाराशी आले: "बेन, कंई करो ने!" पद नाही, अधिकार नाही, बासष्ट वर्षांची बाई, दुखरे गुडघे. त्या पाण्यात उतरल्या, स्लॅबच्या तोंडापर्यंत गेल्या आणि तिथे उभ्या राहून फोन लावत राहिल्या. मी शेजारीच होतो. पलीकडून उत्तर आलं, "स्लॅब तोडवा माटे उपर पूछवुं पडशे."

"पूछो भाई," बाई म्हणाल्या. "पण पाणी तो नीचेथी आवे छे."

दोन दिवस वर विचारणं चाललं होतं. तिसऱ्या दिवशी वरचे लोक खाली आले, ट्रॅक्टरवर उभे राहून, फोटो काढणाऱ्यांसह. पाण्याची पिशवी देताना एकानं बाईंना ओळखलंच नाही. बाईंनी ती पिशवी मागच्या म्हातारीला दिली.

आठवड्यानं त्यांना ताप भरला. घाण पाण्यात राहिल्यामुळे येणारा कसला तरी ताप; डॉक्टरांनी लांबलचक नाव सांगितलं. त्या नावात स्लॅबचा उल्लेख नव्हता. बारा दिवसांत त्या गेल्या. स्मशानात इंजिनिअर आले होते. नानांजवळ येऊन हळूच म्हणाले, "बेन साचां हतां." बाईंचंच खरं होतं. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. हे वाक्य म्हणायला मात्र त्यांना वर विचारावं लागलं नव्हतं, आणि तरी ते त्यांनी इतक्या उशिरा म्हटलं.

आता गंमत ऐका. त्यांच्या पहिल्या पुण्यतिथीला त्याच स्लॅबवर एक बाकडं बसवण्यात आलं. पाठीवर बाईंचं नाव, त्याखाली दुप्पट मोठ्या अक्षरांत ज्यांनी बसवलं त्यांचं. त्याचं तोंड गाड्यांकडे आहे. कार्यक्रमाला नानांना पहिला मान म्हणून त्यावर बसायला सांगितलं. नाना उभेच राहिले.

दुसऱ्या दिवशी त्या दोन नावांच्या खाली कोळशानं तीन शब्द लिहिलेले दिसले: आ कांस छे. माणसं आली, पुसून गेली. सकाळी पुन्हा होते. पुन्हा पुसले, पुन्हा उमटले. एकदा मी पहाटे फिरायला निघालो, तेव्हा नाना नळावर हात धूत होते. काळं पाणी वाहत होतं. पुढच्या गुरुवारी नानांचे गुडघे फारच धरले होते, म्हणून कोळसा मी घेऊन गेलो.

तेव्हापासून आम्ही दोघांनी दिवस वाटून घेतलेत. वर विचारलेलं नाही.