दोन फडक्यांतल्या भाकरी

मिरजगावच्या फाट्यावर सकाळी येष्टीला हात केला, तवा माझ्या पिशवीत दोन फडकी हुती. पांढऱ्या फडक्यात सुनंच्या हातची भाकर, देवळाली प्रवऱ्याच्या चर्चात द्यायला. जुन्या लुगड्याच्या फडक्यात माझ्या हातची, वाटंत मला खायला.

माझ्या हातचं कुनी खात न्हाई. ऊसतोडीला जायची तवा बोटं बधिर व्हायला लागली. कोयता लागायचा, चुलीचा चटका बसायचा, कळायचं न्हाई. महारोग निघाला. औषध घेतलं, रोग कवाच गेला. डाक्टरनं घरी येऊन तसं सांगितलं बी. बोटांची पेरं मातुर गेली ती गेलीच. तवापास्नं माझी चूल येगळी. सून वाईट न्हाई, दुखलंखुपलं बघती. पर म्हनती, आत्या, घरात ल्हान पोरगी हाय. मी म्हनलं, बरं.

बोलावनं रुताबाईचं हुतं. आमी एका टोळीत ऊस तोडला, दोघींच्या कोप्या (पाचटाच्या झोपड्या) शेजारी-शेजारी असायच्या. ती ख्रिस्ती. फोनवर म्हनली, आमच्या चर्चात सुगीची उपासना हाय. येईल त्या घरानं आपल्या चुलीवरची भाकर आनायची. समद्या मेजावर ठिवायच्या, प्रार्थना करायची आन एकत्र मोडून खायच्या. मी म्हनलं, बाई, मी मरीआईची.

"मग मरीआईला सांगून ये," रुता म्हनली. "लई दिस झाले तुला बघून."

येष्टीत कंडक्टर म्हनला, आजी, कुठं? म्हनलं, नगर. तो म्हनला, आता अहिल्यानगर म्हना. म्हनलं, तू म्हनशील तिथं उतरव, पर वाट तीच धर. समदे हसले. त्यानं तिकीट फाडलं, माझा हात बघितला आन तिकीट सीटवर ठिवलं. मी उचललं. मला येळ लागतो, पर उचलता येतं.

नगरच्या स्टँडवर राहुरीच्या गाडीची वाट बघताना भूक लागली. माझी बोटं दिसली का मानसं सरकून बसत्यात, म्हनून मी पिशवीत हात घालून, तिथल्या तिथं तुकडा मोडून खाती. डोळ्यात मोतीबिंदू, बोटांना पांढरं फडकं काय आन लुगड्याचं काय, सारखंच. भाकर लई मऊ लागली. मनात म्हनलं, आज जमली बाई मला.

राहुरीला उतरून जीप धरली. गाव मागं पडलं आन दोन्ही अंगाला ऊस लागला. आमच्याकडं आत्ताच रान भुरं पडलंय, हिकडं पाटाला पानी खळखळतंय. अशाच उसात माझी जवानी गेली. तवा त्याच्याकडं मान वर करून कवा बघितलंच न्हवतं. जीपमदी बसून बघितलं. चांगला दिसतो ऊस, तोडायचा नसला म्हंजे.

देवळालीच्या फाट्यावर रुता उभी हुती. केस समदे पांढरे. मला म्हनली, "कौसाक्का, तू म्हातारी झालीस की." मी म्हनलं, "तू आरशात बघत न्हाईस व्हय?"

चर्च ल्हान हुतं, पत्र्याचं. आत सतरंज्या, पेटी, तबला. मानसं आमच्या भजनावानीच बसलेली. पाळक, म्हंजे प्रार्थना सांगनारी, एक बाई, साधी सुती साडी. टाळ वाजवनारी तृतीयपंथी हुती, तिला समदी ताई म्हनत हुती. माझ्यासारख्या दुसऱ्या देवाच्या बायाबी बसल्या हुत्या. गळ्यात माझ्या मरीआईचा ताईत, तो कुनी काढ म्हनलं न्हाई.

गानं झालं. एकेक घर उठून भाकर मेजावर ठिवायला लागलं. मी पिशवीतनं फडकं काढलं, डोळ्यापाशी न्हेऊन बघितलं. लुगड्याचं फडकं. त्यात माझीच भाकर, जाड, एका कडंला फाकलेली. बोटं न्हाईत, मी तळव्यानं थापती, म्हनून तिला मधी खळगा पडतो. सुनंची भाकर मी नगरला खाऊन बसले हुते.

मी फडकं पदराखाली घेतलं. रुता म्हनली, ऊठ की. म्हनलं, ही माझ्या हातची हाय, चुकून आली. रुतानं मान खाली घातली. कोपीवर तिची सासू माझ्या तांब्यालाबी कुनाला शिवू देत नसायची, ते तिला आठवलं असनार. मग ती म्हनली, "तुझी इच्छा, अक्का. मी काय म्हननार न्हाई."

मेजावर निस्ती ठिवून दिली असती, तर कुनाला कळलंबी नसतं. पर मला चोरून कुनाच्या तोंडात जायचं न्हवतं. उठले, पुढं गेले आन म्हनलं, "ही भाकर माझ्या हातची हाय. हे माझे हात. रोग कवाच बरा झालाय. खायची त्यानं खावी, न्हाई खायची त्यानं मला आत्ताच सांगावं. मी न्हेते परत."

पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं घसा खाकरला. पाळकबाईंनी दोन्ही हात पुढं केले. मी त्यात भाकर दिली. त्यांनी ती समद्या भाकरींच्या मधोमध ठिवली आन प्रार्थना केली. मग समद्या मोडून एका टोपलीत मिसळल्या.

टोपली फिरली. म्हाताऱ्यानं न घेता पुढं सारली. मला राग न्हाई आला, त्यानं सांगितलं असतं तर बरं झालं असतं एवढंच. टोपली रुताच्या सुनंकडं आली. तिच्या मांडीवर पोरगं, नुकतं दात फुटलेलं. तिनं तुकडे बाजूला सारून जाड तुकडा शोधला. निम्मा तोंडात घालून चावला, मऊ केला आन लेकराच्या तोंडात घातला. लेकरानं तोंड हलवलं, परत आ केला.

मी खाली बघितलं. डोळ्याला मोतीबिंदू हाय, पानी येतंच म्हना.

निघताना पाळकबाई म्हनल्या, जे येऊ शकले न्हाईत, त्यांच्यासाठी टोपलीतला तुकडा घरी न्ह्यायची आमची रीत हाय. मी दोन तुकडे घेतले.

दिस मावळता घरी आले. सुनंला खरं ते सांगितलं. तुझी भाकर मी खाल्ली बाई, माझी तिथं गेली. ती म्हनली, मग खाल्ली कुनी? मी रुताच्या सुनंचं आन लेकराचं सांगितलं. ती कितीतरी येळ तवा घासत राहिली.

मग मी तुकडे पुढं ठिवले. तिनं इचारलं, "ही कुनाच्या हातची?"

"समद्या एकत्र मोडल्यात. माझीबी असंल."

तिनं हात धुतले, पदराला पुसले. एक तुकडा आपल्या तोंडात घातला. दुसरा हातात धरून जरा थांबली. मग अंगनाकडं तोंड करून पोरीला हाक मारली.