काळ्या पत्र्याची भिंत

मी निगडीचा. सतरा वर्षं नोकरी झाली होती, हुद्दा हवालदार, तेव्हा आमचं सेक्शन लडाखमधल्या एका पोस्टवर गेलं. तिथल्या बराकीच्या दक्षिणेच्या भिंतीवर बारीक भोकांचा काळा पत्रा ठोकलेला होता. ऊन पडलं की पत्रा तापायचा. पंखा बाहेरची हवा त्या भोकांतून ओढायचा आणि ती कोमट होऊन छताजवळच्या झरोक्यातून आत यायची. स्टँडिंग ऑर्डर एकच होती. बुखारी, म्हणजे खोली तापवायची रॉकेलची शेगडी, पेटलेली असेल तर झरोका उघडा ठेवायचा.

शिपाई दत्ता चाकणचा. भरतीआधी तो तिथे पत्र्याला अशीच भोकं पाडणाऱ्या प्रेसवर कामाला होता. "उस्ताद, ही भोकं आपल्याकडचीच हायेत," असं तो येईल त्याला ऐकवायचा. आम्ही त्याला भिंतीचा जावई म्हणत असू.

मग तीन दिवस ऊन पडलं नाही. झरोक्यातून बर्फासारखा वारा येऊ लागला. चौथ्या दिवशी दत्ताला ताप होता. ०९३० वाजता बाकीचे बर्फ उपसायला निघाले. तो कुडकुडत होता. मला बघवेना. मी झरोक्यात पोतं कोंबलं आणि बुखारी वाढवली.

"उस्ताद, झरोका ऱ्हाऊ द्या."

"झोप. ऑर्डर आहे."

मीही बर्फ उपसायला गेलो. १२१० ला सगळे परत आलो. तो उठेना. आम्ही त्याला बाहेर मोकळ्या हवेत आणलं. मी वायरलेस सेट उचलला.

"एक जवान बेशुद्ध. बुखारीचा गॅस. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर."

"हवामान खराब. उड्डाण नाही. ओव्हर."

पोस्टवरचा नर्सिंग असिस्टंट त्याची छाती दाबत राहिला. १३३५ ला त्याने हात काढले.

चौकशीत मी सांगितलं, झरोका बंद होता. कोणी बंद केला, ते सांगितलं नाही. मी भ्यालो. कागदावर आलं, जवानाने थंडीमुळे स्वतः बंद केला. खाली माझी सही आहे.

रिटायर झाल्यावर चाकणला त्याच्या वडिलांकडे गेलो. चहा झाला आणि सगळं सांगून टाकलं.

"आसं कसं, साहेब? तुमी उस्ताद. तुमी कशाला बंद करताल? आमच्या दत्त्यानंच केलं आसंल. ल्हानपणापास्नं ऐकायचा न्हाई कुणाचं."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"लई जीव हुता तुमचा त्याच्यावर. म्हून सोत्तावर घेताय."

शिपाई दत्ता, वय चोवीस. त्याने शेवटपर्यंत ऑर्डर पाळली, माझी.