पोहण्याचं पुस्तक

माझ्या थोरल्या बहिणीला आमच्या हॉस्पिटलात सगळे पुस्तकवाली ताई म्हणतात. तीन कप्प्यांची एक ट्रॉली आहे, तिचं पुढचं उजवं चाक कायम कुरकुरतं, आणि ती ढकलत ताई गेली एकोणीस वर्षं वॉर्डावॉर्डातून फिरते. वरच्या दोन कप्प्यांत पुस्तकं, खालच्यात सिनेमांच्या आणि मालिकांच्या सीड्या आणि त्या बघायला एक छोटा प्लेयर. मी त्याच इमारतीच्या तळघरात, धुलाई खात्यात. वरून मळक्या चादरी येतात, खालून धुतलेल्या जातात. कुठल्या मजल्यावरची कुठली खाट रिकामी झाली हे डॉक्टरांच्या खालोखाल मला कळतं.

"तुम्हाला काय आवडतं?" असं ताई कधीच कुणाला विचारत नाही. असं विचारलं की माणूस हटकून खोटं बोलतो, असं तिचं मत. तिचे प्रश्न ठरलेले. दुपारी घरी असलात की काय करता? शेवटचं भांडण कुणाशी झालं? आणि पुस्तकाचं शेवटचं पान आधी बघता का? एवढ्यावरून ती माणूस ओळखते. पाय मोडलेल्या एका बाईंनी भांडण सासूशी झाल्याचं सांगितलं, तर ताईनं त्यांना अशी मालिका लावून दिली की तिसऱ्याच भागात त्यातली सासू जिन्यावरून गडगडत खाली येते. त्या बाईंचा पाय आठवडाभर आधी जुळला असं ताई छातीठोक सांगते. मी म्हणते, थापांनाही काही मर्यादा असावी. पण तिनं सुचवलेलं पुस्तक कुणी न वाचता परत केलंय असं मी तरी पाहिलेलं नाही.

आणखी एक हिशेब ती धरायची. चार दिवसांत घरी जाणाऱ्याला चार दिवसांत संपेल असं पुस्तक, महिनाभर पडून राहणाऱ्याला जाडजूड. पण मागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक वॉर्ड आहे, तिथली बरीच माणसं घरी जात नाहीत. त्यांना ती गोष्टींची पातळ पुस्तकं द्यायची. एका बैठकीत एक गोष्ट पुरी झाली पाहिजे, अर्धवट काही राहू नये, एवढाच तिचा हेतू. सात नंबरच्या खाटेवर एक निवृत्त पोस्टमास्तर होते. आयुष्यभर शिक्के बघून पत्र कुठून आलं ते सांगणारा माणूस. त्यांनी एक दिवस ताईनं पुढे केलेलं पुस्तक हातात न घेताच म्हटलं, "बाई, या वॉर्डात पातळ पुस्तक मिळालेली तीन माणसं गेली. मला जाड द्या."

ताई त्या दिवशी माझ्याकडे तळघरात आली आणि न धुतलेल्या चादरींच्या ढिगावर बसून रडली. तेव्हापासून त्या वॉर्डात पातळ पुस्तक गेलं नाही. सगळ्यांना कादंबऱ्या, त्याही सहाशे-सातशे पानांच्या. पोस्टमास्तर दोनशे तिसाव्या पानावर गेले. ताईनं ते पुस्तक घरी आणलं, त्यांनी खूण घातलेल्या पानापासून पुढे शेवटपर्यंत वाचलं आणि मगच ट्रॉलीत परत ठेवलं. मग तिचा तो नेमच झाला. जो जाईल त्याचं उरलेलं पुस्तक ही वाचून संपवणार.

"आलीस का गेलेल्यांचा गृहपाठ घेऊन?" असं भावोजी विचारायचे. भावोजी म्हणजे तिचे यजमान, टीव्ही दुरुस्त करणारे. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान. त्यांची एक सवय होती. संच दुरुस्त झाला की त्याचं मागचं झाकण लावायच्या आधी आतल्या बाजूला पेन्सिलीनं तारीख घालायची आणि खाली लिहायचं, "पाहिले. ठीक." दहा वर्षांनी तोच संच परत आला तरी त्यांचं अक्षर आत शाबूत असायचं. या माणसानं जन्मात एक पुस्तक वाचलं नव्हतं. सगळं हॉस्पिटल हिच्या सांगण्यावरून वाचतंय आणि घरात दिव्याखाली अंधार. त्यांना लागायचे मारामारीचे सिनेमे. ते हिला आग्रह करकरून बघायला बसवायचे, "पहिली दहा मिनिटं कळ काढ, मग बघ कशी मजा येते," आणि ही नवव्या मिनिटाला घोरायला लागायची.

ताईचं सगळ्यात लाडकं पुस्तक बहात्तर पानांचं. आपल्या म्हाताऱ्या बापाला पोहायला शिकवणाऱ्या एका मुलीची गोष्ट. एवढंच, दुसरं काही नाही. शेवटी तो म्हातारा पाण्यावर उताणा तरंगतो, त्याचे कान पाण्याखाली, आणि मुलगी काठावरून हाका मारतेय त्या त्याला ऐकू येत नाहीत. आम्ही त्याला पोहण्याचं पुस्तक म्हणतो. ताईनं ते पन्नासेक वेळा वाचलं असेल. लग्न झाल्यापासून ती भावोजींच्या मागे लागली होती, अहो, एवढं एक वाचा. आणि ते म्हणायचे, "तू माझा एक सिनेमा न झोपता बघ, मी तुझं पोहणं वाचतो." सव्वीस वर्षं हा करार झाला आणि सव्वीस वर्षं मोडला. पालथ्या घड्यावर पाणी, दोन्हीकडून.

मग भावोजींना गिळताना त्रास व्हायला लागला. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी ताईला आणि मला खोलीत बोलावून सांगितलं, दोन महिने, फार तर. ताईनं तिथल्या तिथे डॉक्टरांपुढे हात जोडले, यांना काही कळू देऊ नका. मग नर्सना सांगून झालं, आयांना सांगून झालं, मला तर शपथच घातली. आणि भावोजी आले ते मागच्या इमारतीतच, दुसऱ्या मजल्यावर, सात नंबरच्या खाटेवर.

पहिल्या दिवशी ताई ट्रॉली घेऊन त्या वॉर्डात शिरली तेव्हा मी चादरी द्यायला आले होते. जरा बऱ्या असलेल्या सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. पोस्टमास्तर जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण त्यांची ती समजूत एकाकडून दुसऱ्याकडे जात तिथे टिकून राहिली होती. आता ही आपल्या नवऱ्याला काय देते, हे सगळ्यांना बघायचं होतं. ताईनं ट्रॉलीतली सगळ्यात जाड कादंबरी काढली, आठशे सहा पानांची, आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

"हे वाचायचं की उशाला घ्यायचं?" भावोजी म्हणाले.

"वाचायचं. आता वेळ आहे ना तुम्हाला."

"आहे ना. भरपूर आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी पहिलं पान उघडलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी ताई बायकांच्या वॉर्डात होती आणि मी त्यांच्या उशीचा अभ्रा बदलत होते. ते हळूच म्हणाले, "मेव्हणीबाई, एक काम करता का? ते पोहण्याचं पुस्तक मला आणून द्या."

मी म्हटलं, "हातातलं तर संपवा आधी."

"हे नाही पुरं होणार. ते पातळ आहे, ते होईल."

माझे हात अभ्र्यातच राहिले. ते म्हणाले, "हिला सांगू नका. तिला वाटतंय मला काही माहीत नाही. वाटू दे. तेवढ्यावर ती उभी आहे."

दुसऱ्या दिवशी मी ट्रॉलीतून ते पुस्तक चोरलं. हो, चोरलंच. धुतलेल्या अभ्र्यांच्या घडीत घालून वर नेलं. त्यांनी ते त्या जाड कादंबरीच्या आत ठेवलं, शाळेतली पोरं मास्तरांना चुकवून वाचतात तसं, आणि वाचायला लागले. बहात्तर पानांना त्यांना तीन आठवडे लागले. सवय नव्हती, शक्तीही नव्हती. एकेका ओळीवर ते बोट ठेवून थांबायचे. ताई लांबून त्यांना बघायची आणि माझा दंड धरून म्हणायची, "बघ, कसे रंगलेत! मी म्हटलं नव्हतं?" तिचा तो चेहरा बघून मला पळून जावंसं वाटायचं.

जाड पुस्तकातली खूण ते रोज दहाबारा पानं पुढे सरकवायचे. ताई विचारायची, "कुठवर आलात?" तर म्हणायचे, "त्या थोरल्या भावाची कटकट चाललीय." मी त्यांना नंतर विचारलं, यात थोरला भाऊ आहे हे तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाले, "आठशे पानं आहेत. थोरल्या भावाच्या कटकटीशिवाय इतकी पानं भरतील कशी?" अंदाज बरोबर निघाला होता. ताई खूश होऊन त्यांच्याशी त्या थोरल्या भावावर तासतासभर बोलायची, आणि ते हं हं करत ऐकायचे. एकदा ती म्हणाली, पुढे तो सुधारतो हं, आत्ता सांगत नाही. भावोजी म्हणाले, नको सांगूस, मला वाचू दे.

एका सकाळी मी गेले तर ते खिडकीकडे तोंड करून पडले होते. त्यांनी पोहण्याचं पुस्तक माझ्या हातात दिलं. डोळे लाल झालेले. मी पाणी देऊ का विचारलं. ते म्हणाले, "मेव्हणीबाई, इतकी वर्षं ती हे एकटीच वाचत होती हो."

मी म्हटलं, "भावोजी, तिला सांगा. मी आत्ता बोलावते."

"सांगितलं तर कशासाठी वाचलं तेही सांगावं लागेल," ते म्हणाले. "तुमच्याकडे ठेवा."

मी रागीट बाई आहे. धुलाई खात्यातल्या मुकादमाला मी चारचौघांत झापलंय. पण त्या दिवशी मी मुकाट्यानं पुस्तक पिशवीत घातलं आणि खाली आले.

भावोजी गेले तेव्हा जाड पुस्तकातली खूण चारशे बाराव्या पानावर होती. ताईनं नेम मोडला नाही. रोज दुपारी त्यांच्या दुकानाच्या खोलीत, उघड्या पडलेल्या संचांच्या मधे बसून ती पुढचं वाचायची. थोरला भाऊ सुधारला तिथे ती फार रडली. "एवढं तरी त्यांना कळायला हवं होतं," म्हणाली. मी शेजारी बसून होते.

मग परवा तिनं ट्रॉली झाडायला काढली आणि पोहण्याचं पुस्तक नाही असं तिच्या लक्षात आलं. तिनं सगळ्या वॉर्डांत विचारलं. खाटांच्या खाली वाकून पाहिलं. संध्याकाळी माझ्याकडे आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "गेलं ते गेलं. पण मला काय वाटतं सांगू? हा माणूस माझ्याबरोबर सव्वीस वर्षं राहिला, आणि मी कोण आहे ते त्या बहात्तर पानांत होतं गं. त्यांनी ते एकदा वाचलं असतं तर मला दुसरं काही नको होतं. शेवटी शेवटी मला वाटलं होतं, द्यावं. पण पातळ होतं ना ते. कसं देणार?"

मग मला राहवलं नाही. मी कपाट उघडलं, शिवायला ठेवलेल्या फाटक्या चादरींच्या खालून पुस्तक काढलं आणि तिच्या हातात दिलं. सगळं सांगितलं. अभ्र्यांची घडी, जाड पुस्तकाच्या आतलं पातळ पुस्तक, रोज सरकवलेली खूण, सगळं. मला वाटलं ती माझ्या मुस्काटात मारेल. मारली असती तर बरं झालं असतं.

तिनं पुस्तक चाळलं, शेवटी मागचं पुठ्ठ्याचं पान उलटलं. मी ते कधी उलटून पाहिलं नव्हतं. आतल्या बाजूला कोपऱ्यात पेन्सिलीनं तारीख घातली होती, आणि खाली थरथरत्या अक्षरात, "पाहिले. ठीक."

ताई त्यावर अंगठा ठेवून बसली. पुसलं जाईल म्हणून दाबत नव्हती. मग तिनं विचारलं, "वाचून झाल्यावर काय म्हणाले?"

मी सांगितलं. इतकी वर्षं ती हे एकटीच वाचत होती, असं म्हणाले.

तिनं मान हलवली. मग ती तारीख पुन्हा पाहिली आणि बोटांवर काहीतरी मोजायला लागली. एक हात संपला, दुसरा संपला, पुन्हा पहिल्या हाताचं एक बोट.

"अकरा दिवस," ती म्हणाली. "अकरा दिवस आम्हाला यावर बोलता आलं असतं गं. आणि मी रोज त्या थोरल्या भावाचं विचारत बसले."