डेनिसच्या बोटांना लागलेली किक

राजाराम सरनोबतची गोष्ट मी डब्लिन, ओहायोमधल्या निदान चाळीस घरांत सांगितली असेल, दर वेळी थोडी वाढवून. लोक हसायचे, मला दुसरा चहा मिळायचा. आज मात्र पूर्ण सांगतो. पूर्ण गोष्टीला कोणी चहा देत नाही, हे मला ठाऊक आहे.

माणूस कोल्हापूरचा. तालमीच्या संघाकडून अनवाणी फुटबॉल खेळलेला. १९६८ साली पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजात इंजिनिअरिंगला आला. इथे फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जाणं, हे त्याला पोचल्यावर कळलं. पण त्या खेळातही एक काम पायाचं असतं. एकाने गुडघ्यावर बसून चेंडू जमिनीवर उभा धरायचा, दुसऱ्याने धावत येऊन तो खांबांमधून उडवायचा. तिथली पोरं सरळ चवड्याने मारायची. आमचा गडी तिरका येऊन पावलाच्या आतल्या अंगाने मारायचा, आणि चेंडू कुठल्या कुठे जायचा. कोचने दुसऱ्याच दिवशी त्याला टीममध्ये घेतलं. वजन अठ्ठावन्न किलो, चष्मा काढला तर समोरचा खांबही दिसायची पंचाईत.

पहिल्याच मॅचला घोटाळा झाला. चेंडू धरायला डेनिस नावाचा खाणकामगाराचा मुलगा होता. राजारामची किक चेंडूआधी डेनिसच्या बोटांवर बसली. आपल्याकडे कोणाला पाय लागला की हात आपोआप खाली जातो. राजाराम भर मैदानात वाकला, डेनिसच्या हाताला हात लावून नमस्कार केला. तोवर घरंगळलेला चेंडू समोरच्यांनी उचलला, ते पळत सुटले, मॅच गेली. आणि हा अजून वाकलेलाच.

इथवर मी साभिनय सांगायचो. गुडघा दुखत असला तरी वाकून दाखवायचो.

उरलेलं मला २००४ साली कळलं. शिकागोतल्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांतून इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाचं सामान घेऊन आम्ही दोघं परतत होतो. गाडी राजाराम चालवत होता.

"रवी, तू ती गोष्ट एवढी रंगवतोस," तो म्हणाला, "डेनिसचं पुढं काय झालं, कधी विचारलं नाहीस."

"काय झालं?"

"कोचनं विचारलं, चूक कुणाची. चूक माझी होती. त्यानं चेंडू टेकवायच्या आधीच मी धावत सुटलो होतो. पण डेनिस म्हणाला, माझी. मी नवा, पहिल्याच मॅचला मला काढतील असं वाटलं असणार त्याला."

"आणि तू?"

"मी हेल्मेटचा पट्टा सोडत होतो."

कोचने डेनिसला टीममधून काढलं. त्याची स्कॉलरशिप कोचच्या मर्जीवर होती, तीही गेली. ख्रिसमसला घरी गेला तो परत आलाच नाही. राजारामने पुढे तीन वर्षं मॅचेस जिंकून दिल्या. एका मॅचला कॉलेजचा जुना विद्यार्थी आला होता, आमच्या शेजारच्या कोलंबसचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखानदार. त्याने राजारामला नोकरी दिली. पुढे तो कारखाना राजारामनेच घेतला. आपल्यातला पहिला उद्योजक म्हणून मंडळात आपण त्याला शाल देतो, तो याच खोक्यांमुळे.

"घरी शरयूला माहीत आहे, आता तुला," तो म्हणाला. "कुठं बोलू नकोस."

नाही बोललो. आयुष्यात प्रथमच. पण नमस्काराची अर्धी गोष्ट तशीच चालू ठेवली, आणि २००६ साली अतिउत्साहात त्या कॉलेजला पत्र धाडलं: तुमचा पहिला भारतीय खेळाडू, त्याचा सत्कार करा. नमस्काराचा किस्सा त्यातही घातला. त्यांनी लगेच बोलावलं. मी पेढे घेऊन राजारामकडे गेलो.

त्याने कॉलेजचं निमंत्रण वाचून त्याची घडी घातली. शरयूवहिनी म्हणाल्या, "भावजी, अर्धी गोष्ट सांगायची तुमची सवय माहीत आहे. ऐकतानाही अर्धीच ऐकता का?"

"अरे, मग नाही म्हण," मी म्हणालो.

"नाही म्हणायला कारण द्यावं लागेल," राजाराम म्हणाला. "ते अडतीस वर्षांपूर्वी द्यायचं होतं."

ऑक्टोबरमध्ये आम्ही गेलो. निवेदकाने माझ्या पत्रातला किस्सा वाचून सभागृह आधीच हसवून ठेवलेलं. मग राजाराम उठला आणि सगळं सांगितलं. चूक माझी, शिक्षा डेनिसला, मी गप्प. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. माझ्या शेजारची बाई म्हणाली, किती नम्र माणूस. डेनिस कोण, हे एकानेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजारामने गाडी उलट्या दिशेला काढली. दोन तासांवर डेनिसचं गाव.

"पत्ता कुठून मिळवलास?"

"वीस वर्षं आहे माझ्याकडे."

डेनिस अंगणातली पानं गोळा करत होता. त्याने ओळखलं. राजाराम बोलला, अडखळत, सगळं.

"तू लवकर धावलास, हे मला तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. "तू कोचकडे जाशील म्हणून ख्रिसमसपर्यंत वाट पाहिली. राजा, मी तुझ्यासाठी एक मॅच अंगावर घेतली होती. कॉलेजवर पाणी नव्हतं सोडलं."

"मला माफ कर."

"ते आज जमेल असं वाटत नाही." त्याने रस्त्याकडे पाहिलं. "बायको चर्चमधून येईल. कंटाळून कॉलेज सोडलं, असं मी तिला सांगितलंय. तुम्ही निघा."

त्याला आता दोन वर्षं झाली. राजाराम गेल्या ऑक्टोबरात पुन्हा गेला. डेनिस बाहेर आला नाही. यंदा आला, म्हणे. आत बोलावलं नाही, पण दारातच दोघं पाऊसपाण्याचं दहा मिनिटं बोलले. तेवढ्यासाठी हा जाऊन-येऊन आठ तास गाडी हाकतो, आणि पुढच्या वर्षीही हाकणार आहे.

मंडळाच्या अंकासाठी हे लिहिलं आणि आधी त्याला वाचून दाखवलं. चाळीस घरांत जे पसरवलं, ते निस्तरायला मला दुसरा मार्ग सुचला नाही.

"माझं नाव आहे तसं राहू दे," तो म्हणाला. "त्याचं बदल. त्याच्या बायकोला अजून माहीत नाही."

बदललं आहे.